गवताचं निंदण

देवमननं खाकी टोपी काढून मांडीवर ठेवली, पँटला चिकटलेली कुसळं एकेक करून उपटली आणि मग म्हणाला, "खुशालभाऊ, एक बी नाई."

"एक बी नाई म्हंजे?"

"म्हंजे खूर नाई, लेंडी नाई, बसल्या जागेचं दबलेलं गवत नाई. पहाटपासून सव्वीस एकर पायी हिंडलो. दोन तितर उडाले. बस."

खुशालराव गावंडे ओसरीवरच्या सतरंजीकडे बघत राहिले. अखजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. आत पितरांच्या घासाची तयारी चालली होती, पुरणाचा वास बाहेरपर्यंत येत होता. अंगणात मूर्तिजापूरहून भाड्यानं आणलेला लाल ट्रॅक्टर उभा होता, त्याच्याभोवती अर्धी पळसखेडी गोळा झाली होती. ट्रॅक्टर धाकट्या भावानं, चंद्रभाननं आणला होता, आणि तो कशाला आणला होता हे त्या अर्ध्या पळसखेडीला पाठ होतं.

गावात तलाव आणला तो खुशालरावांनीच. पाच वर्षं अकोल्याच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या, घरोघर फिरून कागदावर अंगठे घेतले. धरणाची भिंत उभी राहिली, पहिल्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि गावाची ई-क्लास, म्हणजे ढोरं चरायची सरकारी जमीन, दीडशे एकर, पाण्याखाली गेली. ती जाणारच होती, नकाशात निळ्या शाईनं दाखवलेली होती. नकाशात हरणं मात्र कुणी दाखवली नव्हती. त्या माळावर साठ-सत्तर काळविटांचा कळप पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला. पाणी चढलं तशी हरणं मधल्या उंचवट्यावर गोळा झाली, चार दिवस तिथं उभी राहिली आणि मग पोहत येऊन लोकांच्या कपाशीत शिरली. लोकांनी बंदुका काढल्या. खुशालरावांनी हे सगळं धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाहिलं, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

त्या दिवाळीच्या आधी ग्रामपंचायतीच्या बैठकीत ते उठले आणि म्हणाले, "तलावानं घेतलं तेवढं माह्याजवळ नाई. पन बरडाचं सव्वीस एकर वावर हाय, थे मी आजपासून जनावराले सोडलं." लोक हसले. चंद्रभान हसला नाही, कारण ते वावर दोघा भावांचं सामायिक होतं. घरी येऊन त्यानं आदळआपट केली आणि शेवटी देवमनला साक्षीला बसवून करार झाला. तीन पावसाळे. तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या अखजीपर्यंत त्या वावरात एक जरी हरण वस्तीला आलं, तर चंद्रभान जन्मभर तोंड उघडणार नाही. नाही आलं, तर अखजीच्याच दिवशी नांगर आणि मागून संत्र्याची कलमं, कारण आता तलावाचा पाट त्या खडकाळ बरडापर्यंत येऊन पोचला होता.

म्हणून ट्रॅक्टर.

"पन कावून नाई आले?" खुशालराव म्हणाले. "कोनतं कमी केलं मी? सांग."

देवमननं मांडीवरची टोपी झटकली. तो डोमाजींचा मुलगा. डोमाजी जन्मभर गावाची कोतवाली करत ह्याच ओसरीच्या खाली, पायरीपाशी उभे राहिले. देवमन छप्पन साली बौद्ध झाला, मॅट्रिक झाला, जंगलखात्यात गार्ड लागला, आणि पाटील म्हणायचं सोडून त्यानं 'खुशालभाऊ' म्हणायला सुरुवात केली ती त्याच सुमारास. खुशालरावांना पहिल्यांदा ते खटकलं होतं. आता देवमन ओसरीवर बसत होता आणि त्याचं बोलणं सगळे कान देऊन ऐकत होते.

"राग नाई ना येनार?"

"बोल, बाप्पा, बोल."

"तुमी गवत तिफनीनं पेरलं. सरळ वळीत."

"मंग? उधळून देऊ का?"

"त्याच्यात डवरा फिरवला. वर्साले तीन-तीन निंदन दिले. बोरी काढल्या, तरोटा काढला, पळसाचा एक फोक ठेवला नाई. वावर असं चकचकीत केलं का साहेब लोकाईले दाखवावं. हरनाच्या पिलाले लपाले झुडूप लागते. तुमच्या वावरात ससा बी लपत नाई."

"थे तं ठीक हाय—"

"अन् चारी बाजूनं बाभळीच्या काट्याचं कुंपन कायले केलं?"

"ढोरं शिरतात ना, लेका! गवत खाऊन घेतात!"

"मंग हरनं कुठून शिरतीन?"

खुशालरावांची नजर बरडाकडं गेली. तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी त्या कुंपणाला चक्कर मारत होता, कुठं भोक पडलं की स्वतःच्या हातानं काटी लावत होता. काळवीट काही सांबर नव्हे, काट्यावरून उड्या मारायला. बिचाऱ्यांनी येऊन कुंपणाबाहेरून वास घेतला असेल आणि परत गेले असतील. पण सांगायचं कुणी? गावंड्यांच्या घरात जमिनीला हात न लावणं म्हणजे आळस, आणि आळसाइतकं मोठं पाप त्या घरात दुसरं नव्हतं.

"मी तवाच म्हनलं होतं!" माजघराच्या दारातून कौसल्याबाईंचा आवाज आला. खरं सांगायचं तर कौसल्याबाई तेव्हा असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. पण तीन पावसाळे नवऱ्यामागं बसून त्यांनी गवत निंदलं होतं, गवतातलं गवत काढलं होतं, आणि त्यांची कंबर आता कुणाचंच ऐकत नव्हती. "साऱ्या जिल्ह्यात गवताले निंदन देनारा हा एकच मानूस असंन. बाया हसतात मले. घाल रे चंद्रभान तुहा ट्रॅक्टर. मी भावजय म्हनून सांगतो तुले."

चंद्रभान अंगणातून पायऱ्या चढून आला. चव्वेचाळीस वर्षांचा, उंच, मिशीला तेल लावलेला. तीन वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हातात आली होती, तरी त्याला हवा तेवढा आनंद होईना. दादाचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून तो नेहमीपेक्षा जास्तच मोठ्यानं बोलला.

"देवमननं सांगतलं ना? झालं मंग. नत्थुजी, चला. थो धुऱ्याजवळचा पट्टा हाय ना, पह्यला फेरा तथीच घाला."

ट्रॅक्टरवाला नत्थुजी मान हलवून निघाला. त्याला संध्याकाळच्या आत मूर्तिजापूर गाठायचं होतं, अखजीच्या पुरणाचीसुद्धा त्याला पर्वा नव्हती.

तो पट्टा हे आणखी एक दुखणं. सामायिक बरड आणि चंद्रभानचं स्वतःचं वावर यांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, कुठून जातो यावर दोघा भावांचा दोन वर्षं वाद होता. दोन एकरांचा तो लांबट तुकडा खुशालराव म्हणत सामायिकातला, चंद्रभान म्हणे माझा. मोजणीदार येऊन आणखी घोळ घालून गेला. तेव्हापासून कुणीही तिथं पाय ठेवला नव्हता. नांगर नाही, खुरपं नाही, कुंपणसुद्धा त्याच्या अलीकडूनच वळवलं होतं. आज एका फेऱ्यात दोन्ही भांडणं संपवायची असं चंद्रभाननं ठरवलं होतं.

आत चुलीपुढं बसलेल्या लीलाबाईच्या हातातलं उलथणं थांबलं.

लीलाबाई चंद्रभानची बायको. "काय म्हनले थे?" तिनं जावेला विचारलं. "पह्यला फेरा कुठं?"

"धुऱ्याच्या पट्ट्यात. वडे जळून राहिले व, पाह्य."

लीलाबाईनं वडे काढले. आठ दिवसांपूर्वी गायीचं वासरू सुटलं म्हणून ती त्या पट्ट्यात गेली होती. बोरीच्या जाळीखाली, कंबरभर गवतात, काहीतरी तांबूस दिसलं. वासरू नव्हतं ते. हरणाचं पिल्लू होतं, तळहाताएवढं तोंड, कान पाडून जमिनीला चिकटून बसलेलं. तिच्याकडे बघत होतं आणि हलत नव्हतं. दूर त्याची आई उभी होती, पाय आपटत. दुसऱ्या दिवशी लीलाबाई पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरी सांगायची शेणाच्या गोवऱ्या पाहून आले.

सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर त्याचा ट्रॅक्टर, त्याची कलमं, तीन वर्षांची त्याची आस. रात्री अंथरुणावर तो संत्र्याच्या बागेचे मनोरे रचायचा आणि ती हं हं करायची. तो वाईट माणूस नव्हता. ह्या घरात सारं दादाच्या नावानं चालायचं, त्याला फक्त एकदा आपल्या नावाचं काहीतरी उभं करायचं होतं. ते तिच्याइतकं कुणाला कळत होतं? आणि खुशालरावांना सांगावं तर ते तिचे भासरे. नवऱ्याचा मोठा भाऊ. अठरा वर्षांत ती त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. ते ओसरीवर आले की पदर नाकापर्यंत, ते माजघरात आले की ही परसात. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून बांगडी वाजवायची, की त्यांनी समजायचं.

तिला वाटलं होतं, आठ-दहा दिवसांत पिल्लू पायावर उभं राहील, आईमागं निघून जाईल, आणि कुणाचंच काही बिघडणार नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "त्या पट्ट्यात आज नका नांगरू म्हना."

"कावून?"

"असंच."

"असंच काय व? आता तूबी त्याईच्या बाजूनं झाली का?" कौसल्याबाई हसल्या. "नवरा ट्रॅक्टर आनते अन् बायको गवताले जपते. वा!"

पंगत बसली. चार पानं. पितरांचा घास अग्नीत टाकून झाला. देवमनचं पान कौसल्याबाईंनी खुशालरावांच्या शेजारीच मांडलं, ते पहिल्यांदाच. कुणाला विचारलं नाही. सासरे जिवंत असते तर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि आज घास तर त्यांच्याच नावाचा होता. देवमननंही पाट पाहिला, क्षणभर थांबला आणि बसला. "वाढा वहिनी," म्हणाला. एवढंच.

चौथं पान गावच्या भजनी मंडळाच्या श्रावणचं. तो मोझरीच्या आश्रमात जाऊन आल्यापासून कुठंही जेवायला बसला की आधी सामुदायिक प्रार्थना म्हणायचा. प्रार्थना चालू असतानाच शिवाराकडून नांगरट सुरू झाल्याचा आवाज आला. टक टक टक टक. घर गावाच्या कडेला आणि बरड तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आवाज चुलीपर्यंत स्पष्ट पोचला.

लीलाबाईच्या हातात चिंचवणीचं भांडं होतं. ते तिनं तसंच खाली ठेवलं आणि ओसरीवर आली. पंगतीच्या समोर, भासऱ्यांच्या पुढ्यात. पदर खांद्यावर पडला होता आणि तिला त्याचं भानही नव्हतं. भासऱ्याला काय म्हणून हाक मारायची हेच तिला ठाऊक नव्हतं, अठरा वर्षांत वेळच आली नव्हती.

"अहो," ती म्हणाली. "अहो, थांबवा त्याले! पिल्लू हाय तथी!"

श्रावणची प्रार्थना बंद पडली. चंद्रभानचा घास हातातच राहिला.

"लीला! आत जाय."

"नाई जात. हरनाचं पिल्लू हाय. बोरीच्या जाळीत. मी आठ दिवसांपासून पाहून राहिली. थे पळत नाई हो, मानूस आला तरी पळत नाई, दबून बसते. ट्रॅक्टरखाली जाईन थे!"

तिला रडू फुटलं. खुशालराव तिच्याकडे बघतच राहिले. आवाज ऐकला तो पहिल्यांदा, आणि तोही असा.

देवमन आधी उठला. पितरांच्या दिवशी भरल्या पानावरून उठू नये म्हणतात, पण श्रावण सोडून तिघंही उठले, उष्ट्या हातांनी, अनवाणी. देवमन पुढं, त्याच्यामागं चंद्रभान, सगळ्यात मागं गुडघे धरत खुशालराव. आणि पाटावरच्या वाटेनं त्यांच्याही पुढं निघून गेली ती लीलाबाई, कारण जागा फक्त तिलाच माहीत होती. कौसल्याबाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "अगं बाई, डोक्यावर पदर तरी घे!" आणि मग झारा टाकून त्याही निघाल्या.

नत्थुजीनं पट्ट्याच्या वरच्या अंगानं सुरुवात केली होती. वीसेक हात माती उलटली होती. लीलाबाई सरळ ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिली. नत्थुजीनं ब्रेक दाबला, शिव्या दिल्या, मग बाईमाणूस दिसल्यावर जीभ चावली.

"कुठं?" देवमननं विचारलं.

तिनं बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या नाकापासून दहा पावलांवर बोरीची जाळी होती. देवमन वाकून, हळूहळू गेला आणि थांबला. सगळे थांबले. गवतात दोन डोळे दिसत होते, आणि पाठ इतकी भराभर वरखाली होत होती की लांबूनही दिसावी. ते उठलं नाही. आई धुऱ्याच्या पलीकडं, चंद्रभानच्या वावरात, मान ताठ करून उभी होती.

"हात नका लावू कोनी," देवमन कुजबुजला. "मानसाचा वास लागला तं माय जवळ घेत नाई. मागं सरका. आवाज नका करू." मग तो मातीकडं बघायला लागला, आणि त्याचा चेहरा बदलला. "खुशालभाऊ, इकडे पाहा. हे लेंड्याईचे ढीग. हे बसल्याच्या जागा. एक नाई, सहा-सात हायेत. रातीले कळप राह्यते इथं. मी कुंपनाच्या आतच पाह्यत बसलो, बाहेर पाह्यलंच नाई."

खुशालराव गवतात खाली बसले. ह्या दोन एकरांत बोरी होत्या, तरोटा होता, पळसाची पोरकी झुडपं होती, कुसळी होती, जे जे त्यांनी शेजारच्या सव्वीस एकरांतून जीव तोडून उपटलं होतं ते सगळं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग ते म्हणाले, "चंद्रभान, आले हो. पन मी हरलो."

"कावून?"

"करार सव्वीस एकराचा होता. हे तं पट्ट्यात आले. पट्टा तुहा. तूच म्हनत होता ना, दोन वर्सं? तुह्या वावरातले हरनं मी माह्या नावावर नाई लावत. शब्द तो शब्द. हे पिल्लू मोठं होऊ दे, मंग घाल नांगर."

चंद्रभान बायकोकडं बघत होता. तिचे केस सुटले होते, पायाला काटा लागून रक्त आलं होतं, आणि ती त्याच्याकडं बघायला घाबरत होती. आठ दिवस हिनं हे एकटीनं पोटात ठेवलं. का, ते त्याला तिथंच, त्या क्षणी कळलं. तो धुऱ्यावर गेला, थोडा वेळ पलीकडं उभ्या हरणीकडं पाहिलं, आणि परत आला.

"पट्टा माहा नाई, दादा."

"आँ?"

"सामायिकातलाच हाय. मले पह्यल्यापासून माहीत होतं. धुरा तं बाबानं त्या निंबापासून काढला होता, मी सोता पाह्यला, ल्हान होतो तरी. उगाच भांडलो तुमच्याशी."

"खोटं नको बोलू. निंब माह्या हातानं लावला हाय, धुऱ्याच्या नंतर."

"तुमी खोटं बोलून राहिले!"

"मी? अरे, पट्टा तुहा हाय म्हनतो ना मी!"

"अन् मी म्हनतो नाई! करार मी हरलो. एक नाई, कळपच आला वस्तीले. बस झालं. आता तोंड उघडनार नाई म्हनलं होतं, तं मले उघडू नका देऊ."

नत्थुजीनं कपाळावर हात मारला. "बाप्पा रे! दोन वर्सं माहा माहा म्हनून भांडले, आता तुहा तुहा म्हनून भांडून राहिले. मी ट्रॅक्टर घेऊन कुठं जाऊ, एवढं सांगा."

"खालच्या वावरात," लीलाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती दचकली, पण आता बोललीच होती. "खालच्या वावरात काळी जमीन हाय, पाट बी तथून जाते. कलमं तथी जास्ती चांगली लागतीन. बरडात संत्रा किती दिवस जगला असता? यायले मी कित्येक रात्री सांगाचं म्हनत होती." हे 'यायले' म्हणजे चंद्रभान, आणि चंद्रभानच्या मिशीखाली, नाही म्हटलं तरी, हसू आलं.

"जा नत्थुजी," तो म्हणाला. "खालच्या वावरात. अन् तास नीट घालजा, बाग माही हाय थे."

ट्रॅक्टर मागं फिरला. आवाज दूर गेल्यावर हरणी दोन पावलं पुढं आली. देवमन सगळ्यांना हातानं मागं सारत होता. कौसल्याबाई पोचल्या तेव्हा त्यांना कुणी काही सांगायची गरज राहिली नव्हती, तोंडावर पदर लावून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

खुशालराव उठले. गुडघ्याची माती झटकली. आणि वळले ते भावाकडं नाही, देवमनकडं नाही, लीलाबाईकडं. तिनं सवयीनं पदर ओढायला हात उचलला, पण ते समोर उभे होते आणि थेट तिच्याशीच बोलत होते.

"लीलाबाई, तुमाले जेवढं समजलं तेवढं आमाले समजलं नाई. आता तुमीच सांगा, सव्वीस एकरात मी काय करू? कुंपन काढतो आज. अजून? बोरी लावू का? पळसाचं बी आनू? पानी टाकू का कुठं?"

लीलाबाईनं विचार केला. भासऱ्यांचे हात तिच्यासमोर होते, खुरप्यानं घट्टे पडलेले, काहीतरी करायला आसुसलेले.

"काईच करू नका," ती म्हणाली.

"काईच?"

"काईच."

खुशालरावांनी आपल्या हातांकडं पाहिलं. पन्नास वर्षांत त्यांना एवढं जड काम कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "शिकतो."

आणि ते कुंपणाच्या काट्या उपसायला गेले.